जुन्या मारुती ८००ला स्वस्तातला एनसी रंग पुरेसा नाही का?

कर्वेनगरकर
माझी २००४ची मारुती ८०० आहे, पांढरा सॉलिड रंग, म्हणजे मेटॅलिकसारखे चमचमते कण नसलेला. नुकतंच दुसऱ्यांदा री-पासिंग झालं, म्हणजे अजून पाच वर्षं गाडी वापरता येईल. छत आणि बॉनेट पार खडूसारखं झालंय. पेंटर म्हणतो, एनसी (नायट्रोसेल्युलोज, थिनरमध्ये पातळ करून मारायचा रंग) मारू की हार्डनरवाला टूके पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग)? टूकेचा रंग जवळपास दुप्पट महाग. माझं मत सरळ आहे: भंगाराच्या भावाच्या गाडीवर महागडा रंग म्हणजे पैसा पाण्यात. एनसी मारावा, अधूनमधून कंपाउंड (चमक आणायची खरखरीत पेस्ट) घासावं. पटत नसेल तर कारण सांगा.

धायरी फाटा
अजिबात पटत नाही. बिलात रंगाचे किती आणि मजुरीचे किती, हे आधी विचारा. जुना रंग घासणं, गंज काढणं, लांबी (खड्डे भरायची पुट्टी), सरफेसर (त्यावरचा प्रायमर), वॉटर पेपर, मास्किंग, सगळं दोन्हीला सारखंच लागतं. एनसी नुसतं थिनर उडून वाळतं, टूके हार्डनरमुळे आतून पक्कं होतं. वाळलेल्या एनसीवर थिनरचं फडकं फिरवून बघा, रंग फडक्याला येतो. तुमची गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर काही उन्हाळ्यांत पुन्हा तीच कळा, आणि पुन्हा तीच मजुरी.

शनिवारातली
दोघंही फक्त गाडीचंच बघताय. टूकेच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारा श्वासातून गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे जराशा संपर्कानेही त्रास उसळतो. तिथे तोंडाला बांधलेला रुमाल कामाचा नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. गल्लीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये गन धरणाऱ्या पोराला तो कोण देतं? एनसीचं थिनरही काही चांगलं नाही, पण हा धोका वेगळाच. बूथ, म्हणजे रंग मारायची बंद केबिन, नसेल तिथे टूके मारायला सांगूच नये.

धायरी फाटा
ताई, हे शंभर टक्के मान्य. मग बूथवाल्याकडे जा आणि पैसे कामात वाचवा. रंग तोच पांढरा ठेवा, म्हणजे दारांच्या आतल्या कडा रंगवायला नकोत आणि आरसीवर रंगबदलाची नोंदही नको. सॉलिड रंग असल्याने वर क्लिअर कोटचा, म्हणजे पारदर्शक थराचा खर्च नाही. आणि पूर्ण गाडी कशाला? छत, बॉनेट करा.

नाना पेठ काउंटर
मी रंग विकतो, तरी सांगतो, आधी रंगवायची गरज आहे का ते बघा. काळं फडकं ओलं करून बॉनेटवर जोरात घासा. पांढरी भुकटी आली तर वरचा थर उन्हाने मेलाय, खाली बहुधा चांगला रंग शिल्लक आहे. रबिंग कंपाउंडने तो वर येतो. प्रायमर दिसायला लागला तर मात्र रंगवण्यावाचून इलाज नाही. मेटॅलिकवर क्लिअर सोललं असेल तर हा उपाय चालत नाही.

आणि रंगापेक्षा पत्रा बघा हो! दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, ती चिखलाने बुजतात आणि दार आतून कुजतं. तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. गंजावर लांबी थापली तर ती पुढच्या पावसाळ्यात फुगणारच, वर कुठलाही रंग असो. एनसीच करायचं असेल तर पावसाळा टाळा, दमट हवेत त्याची चमक मरते.

कर्वेनगरकर
फडक्याचं आजच करतो. मजुरीचा मुद्दाही पटला, छत-बॉनेटला टूके चालेल, बूथ असेल तिथेच. पण दारांना आणि फेंडरना एनसीच मारणार, तिथे ऊन कमी लागतं.

धायरी फाटा
तसं करू नका. एनसी उन्हात पिवळट पडतो, टूके तेवढा पडत नाही. बॉनेट एका पांढऱ्यात आणि फेंडर दुसऱ्या पांढऱ्यात दिसेल. दारं ठीक असतील तर तिथे कंपाउंडच घासा, नवा रंग नकोच.

कर्वेनगरकर
डाव्या दाराला खालून गंज आहे. तिथे काय करू?

नाना पेठ काउंटर
पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायला सांगा, भोक पडलं असेल तर तुकडा वेल्ड करून घ्या. मग इपॉक्सी प्रायमर, त्यावर लांबी. लांबी पाणी धरते, सरफेसर बसल्याशिवाय गाडी पावसात काढू देऊ नका. आणि लांबी भरायच्या आधी तो पत्रा स्वतः जाऊन बघा.