पार्किन्सन : मेंदूतल्या नव्या यंत्राच्या चाचणीला बाबांनी हो म्हणावं का?

अंत्रुजकर, फोंडा:
बाबांना पार्किन्सन होऊन अकरा वर्षं झाली. चवथीच्या आरतीला घुमट वाजवणं त्यांचंच असायचं, यंदा शेजारच्या पोराकडे दिलं. लेव्होडोपा या औषधाच्या गोळीचा असर तीन तासांत उतरतो, चढला की अंग वळवळतं. मुंबईच्या डॉक्टरांनी डीबीएस, म्हणजे मेंदूत वायरी घालून छातीतल्या बॅटरीवर करंट सोडण्याचं ऑपरेशन, सुचवलं आणि त्याच्याच नव्या प्रकाराच्या चाचणीत येता का विचारलं. त्यात यंत्र मेंदूतल्या बीटा नावाच्या विद्युत लहरी वाचून करंट आपणच कमी-जास्त करतं. मी म्हणतो, जावं. १९८७ मध्ये फ्रान्सच्या डॉ. बेनाबिद यांनी ग्रेनोबलला डीबीएस कंपावर सुरू केलं, तेही कुणाच्या तरी बाबांवरच ना?

माशेलची सून:
अजिबात नको. एकाच करंटवर सतत चालणाऱ्या जुन्या डीबीएसला अमेरिकेत २००२ पासून पार्किन्सनसाठी मान्यता आहे. ते सोडून प्रयोग कशाला? शिवाय अशा चाचण्यांत यंत्र कधी कुठल्या पद्धतीवर चालू आहे, ते बहुधा पेशंटला सांगत नाहीत. गोळी उतरलेल्या माणसाला मडगावला मांडवी एक्सप्रेसच्या डब्यात चढवून बघा एकदा, मग दर सेटिंगला मुंबई गाठायचं बोला.

अंत्रुजकर:
वहिनी, प्रवासाचं मान्य. पण कवटीला भोकं तीच, वायरी त्याच, फरक करंट सोडण्याच्या पद्धतीत. आणि या नव्या पद्धतीलाही अमेरिकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यता मिळाली.

माशेलची सून:
मग मान्यता मिळालेलंच घाला! चाचणी का?

डिचोलीचा बापू:
मला डीबीएस करून सहा वर्षं झाली. हाताचा कंप गेला, आवाज मात्र बसला. भजनात आता टाळ धरतो. तोल जातो तो जातोच. तुम्ही दोघं ऑपरेशनवर भांडताय, मला छातीतल्या बॅटरीची काळजी. माझी एकदा बदलून झाली, बिल बघून घाम फुटला. चाचणीत इजा झाली तर आपल्याकडे उपचार आणि भरपाईचा नियम आहे, पण पाच वर्षांनी बॅटरी संपणं ही इजा नव्हे. अमेरिकेत डोळ्यात इम्प्लांट बसवणारी कंपनी २०२० मध्ये बुडायला आली, तेव्हा पेशंट दुरुस्तीविना राहिले. चाचणी संपल्यावर बॅटरी कोण देणार, लेखी घ्या.

माशेलची सून:
हे पटलं. पण बाबांना कुणी विचारलं का?

अंत्रुजकर:
विचारलं. "घुमट वाजोवपाक मेळटलें?" एवढंच म्हणाले. डॉक्टर त्याची खात्री देत नाहीत. बॅटरीचं फॉर्ममध्ये शोधलं, एक ओळ नाही. शुक्रवारी फोन करतो.