मागचे ब्रेक पॅड पार्किंगमध्ये बदलले: शहाणपणा की आगाऊपणा?

कोथरूडकर७

माझी सिव्हिक २०१० ची, चारही चाकांना डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात). गेल्या वर्षी एका गॅरेजात सांगितलं, "साहेब, मागचे पॅड संपलेत." म्हटलं, दाखवा. चाक काढायला लावलं तर पॅडवर चांगला पाच मिलिमीटर माल शिल्लक. "तरी बदलून टाका, परत परत कशाला यायचं," हे वर. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वेळी आपणच बघायचं.

या रविवारी ती वेळ आली. आता माल खरोखरच दोन मिलिमीटरवर आला होता. पॅड संपत आला की त्यावरची पत्ती डिस्कला घासून आवाज करते, तशी ती दोन आठवडे चिरचिरत होती. पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक सोडला (मागचं काम म्हणजे तो सोडावाच लागतो), जॅकने उचलून खाली घोड्या (गाडी तोलून धरणारे स्टँड) लावल्या. कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीचे) १२ नंबरचे बोल्ट काढले आणि कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगला. तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवायचा नसतो.

इथपर्यंत पुढच्या ब्रेकसारखंच. खरी गंमत पिस्टनची, म्हणजे कॅलिपरमधल्या पॅडला ढकलणाऱ्या दट्ट्याची. पुढचा पिस्टन क्लॅम्पने दाबला की मुकाट आत जातो. मागच्याच्या पोटात हँडब्रेकचा स्क्रू असतो, त्यामुळे तो दाबत दाबत घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. पिस्टनच्या तोंडावर फुलीसारख्या खाचा असतात, त्यात टूल बसतं. शेवटी ती फुली अशी थांबवायची की आतल्या पॅडच्या पाठीवरची खुंटी बरोबर खाचेत येईल. नाही आली तर पॅड तिरका बसतो आणि तिरकाच झिजतो. पहिल्या चाकाला दोन तास गेले, दुसऱ्याला पस्तीस मिनिटं.

माझं मत: ज्याला स्टेपनी बदलता येते त्याला हे जमेल. बोला.

शेवटचा_गिअर

हौसेला दाद देतो, मत अजिबात पटलं नाही. स्टेपनी नीट बसली नाही तर चाक डुगडुगतं, तुम्ही गाडी बाजूला घेता. ब्रेकचं चुकलं तर ते सिग्नलला कळतं, आणि समोर उभ्या असलेल्या स्कूटरवाल्यालाही कळतं. त्या बिचाऱ्याला तुमच्या रविवारच्या प्रयोगाबद्दल कुणी विचारलं होतं का? एसीचा फिल्टर बदला, वायपर बदला, बॅटरीचं पाणी बघा. ब्रेक आणि स्टिअरिंग सोडा.

आणि वाचले किती, तो हिशोबही मांडा.

कोथरूडकर७

पॅड २,६००, पिस्टन फिरवायचं टूल ९५०, दोन घोड्या १,४००, सिलिकॉन ग्रीस २००. गॅरेजात पॅड सोडून लेबर ८०० पडलं असतं. म्हणजे वाचले नाहीत, गेलेच. पण पाच मिलिमीटरला "संपले" म्हणणारा माणूस बोल्ट तरी नीट आवळतो यावर मी का विश्वास ठेवू?

वॅगनवाली

सगळं वाचून उत्साहाने खाली गेले, फोनचा टॉर्च मारून पाहिलं. माझ्या वॅगन-आरला मागे पॅडच नाहीत, ड्रम आहे! नवरा गॅलरीतून हसतोय.

कोथरूडकर७

ताई, आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रमच असतो. त्यात लायनर (पॅडच्या जागी तेच घासतात), स्प्रिंगा आणि अ‍ॅडजस्टर, म्हणजे जास्त किचकट. कधी उघडलाच तर एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बघून कुठली स्प्रिंग कुठे ते तरी कळतं.

मिरजेचा_मिस्त्री

बावीस वर्षं गॅरेज चालवतो, तेव्हा दोन्हीकडून बोलतो.

घरी उघडून बिघडवलेली गाडी महिन्याला एखादी येतेच. मागचा पिस्टन क्लॅम्पने रेटलेला असतो, आतल्या स्क्रूचं वाटोळं झालेलं असतं, मग नवा कॅलिपर घाला. दुसरं ब्रेक ऑइल. पॅड झिजत जातात तशी टाकीतली पातळी उतरते. मधेच कुणीतरी ती वरपर्यंत भरून ठेवतं. मग नवे पॅड घालताना पिस्टन आत गेला की तेवढं ऑइल उलटं वर येतं, टाकीतून सांडतं आणि पेंट खातं. आधी झाकण उघडून पातळी बघायची, जास्त असेल तर सिरिंजने काढायची. कोथरूडकर, तुम्ही हे केलं का माहीत नाही, लिहिलं तरी नाही.

आता आमचंही सांगतो. कुठल्याही गॅरेजात पॅडचं काम पोरगा करतो, उस्ताद तेव्हा गिऱ्हाइकाशी बोलत असतो. टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळायचा) माझ्याकडे आहे. बराचसा वेळ तो भिंतीवरच असतो, खोटं कशाला बोलू.

ज्यांच्या गाडीला बटणाचा हँडब्रेक आहे त्यांनी मात्र हा धागा इथेच बंद करावा. तिथे कॅलिपरवर मोटर असते. स्कॅनर लावून किंवा कंपनीने दिलेल्या पद्धतीने ती आधी मागे घ्यावी लागते. तसाच पिस्टन रेटला तर मोटरचा खर्च वेगळा.

शेवटचा_गिअर

मिस्त्री, माझीच बाजू मांडलीत.

मिरजेचा_मिस्त्री

अर्धी.

वाशिष्ठीकाठ

सगळे पॅडवर भांडताय, आमच्याकडे रोग पिनांचा आहे. चिपळुणात चार महिने पाऊस, गाडी उघड्यावर. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या गंजून जाम होतात, मग पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटाच काम करतो. आमचा आतला पॅड पत्र्याला टेकलेला आणि बाहेरचा जवळजवळ कोरा. कुंभार्ली घाट उतरून पोफळीला थांबलं की मागच्या डाव्या चाकाला करपट वास यायचा.

एका गॅरेजने दोनदा पॅड बदलून दिले, पिनांकडे कुणी बघितलं नाही. तिसऱ्यांदा आम्ही दोघांनी अंगणात उघडलं. एक पिन हाताने हलेना. शेवटी पान्याने फिरवून काढली, घासली, सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. नंतर दोन पावसाळे गेले, वास नाही. यात कौशल्य काही नव्हतं हो, एक दुपार होती. गॅरेजवाल्याकडे तेवढी दुपार नसते.

लीड्सवासी

इथे इंग्लंडमध्ये शेजारीपाजारी घरासमोर सर्रास हे करतात. पण गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची सक्तीची चाचणी असते. चाकं रोलरवर चढवून ब्रेकचा जोर मोजतात, डावं-उजवं वेगवेगळं. घरी झालेली चूक कधीतरी तिसऱ्याच्या नजरेला पडते. भारतात खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, तोवर ब्रेक असा कुणी तपासतच नाही. पीयूसी धूर बघते. मला वाटतं घरी की गॅरेजात यापेक्षा हे जास्त भयंकर आहे, कारण मिस्त्रींचा पोरगाही या तपासणीतून सुटलेलाच आहे.

शेवटचा_गिअर

मान्य. पण तपासणारा कुणी नाही म्हणून करणारा तरी सराईत हवा ना? रोज चार गाड्या उघडणाऱ्याचा हात आणि पाच वर्षांत एकदा उघडणाऱ्याचा हात सारखा कसा? तुमच्या दुसऱ्या चाकाला पस्तीस मिनिटं लागली, कारण पहिल्यावर तुम्ही शिकलात. गाडी रस्त्यावर मात्र त्या पहिल्या चाकासकट आली.

कोथरूडकर७

हे लागलं. मग एक कबुली देऊन टाकतो. सगळं जोडून झालं, गाडी खाली घेतली, चालू केली, आणि पेडल दाबलं तर थेट तळाला. पिस्टन आत ढकललेला असतो. तो पॅडला येऊन टेकेपर्यंत पेडल पोकळच जातं, पाच-सहा वेळा मारावं लागतं. हे मी तीनदा वाचलं होतं. समोर दीड फुटावर भिंत होती. नशिबाने गिअर टाकला नव्हता.

शेवटचा_गिअर

हे पहिल्याच पोस्टमध्ये का नव्हतं?

कोथरूडकर७

लाज वाटली.

वाशिष्ठीकाठ

लाज कसली! तेच तर वरती ठळक लिहायला हवं होतं. आम्हीही अंगणात आधी पेडलच मारलं होतं, पण ते सासऱ्यांनी ओरडून सांगितलं म्हणून. ते ट्रक चालवायचे.

शेवटचा_गिअर

असा सासरा प्रत्येक पार्किंगमध्ये मिळणार असेल तर माझा विरोध मागे. तोवर कायम.

मिरजेचा_मिस्त्री

कोथरूडकर, नवे पॅड आहेत, पहिले दोनशे किलोमीटर ब्रेक करकचून मारू नका, बसू द्या. आणि अलॉय व्हील असतील तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट परत बघायचे असतात. रविवारपासून किती फिरली गाडी?

कोथरूडकर७

१३०. पाना घेऊन खाली जातोय.