मदत हवी आहे : ट्रान्सक्रिप्टवरचे 'डब्ल्यू' आणि मानसशास्त्राच्या पीएच.डी.चे अर्ज

नमस्कार.

आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. माझ्या मुलीने अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठातून मानसशास्त्राची पदवी घेतली असून सध्या ती ठाण्यातच विशेष मुलांच्या एका केंद्रात साहाय्यक म्हणून काम करते. येत्या डिसेंबरात तिला तिकडच्याच काही विद्यापीठांत क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पीएच.डी.साठी, आणि जोडीला दोन-तीन ठिकाणी मास्टर्ससाठी, अर्ज करायचे आहेत. तिला विचारूनच हा धागा काढत आहे.

2023 च्या स्प्रिंग सत्रात माझी बायपास झाली, तेव्हा ती विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाची रीतसर परवानगी घेऊन, सत्र अर्धवट टाकून घरी आली. त्या सत्राचे पाचही विषय तिने मागे घेतल्यामुळे ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) ओळीने पाच 'डब्ल्यू' (विषय मागे घेतल्याची नोंद) आहेत आणि त्यांच्याखाली सत्राचा जीपीए (ग्रेडची सरासरी) म्हणून 0.00 छापलेला आहे. (जन्मभर बँकेत ताळेबंद तपासल्यामुळे असेल, पण कागद उघडला की माझी नजर आधी त्या शून्यावरच जाते.) त्या पाचांत संख्याशास्त्रही होते. ते तिने पुढच्याच सत्रात पुन्हा घेऊन 'ए मायनस' मिळवला.

आणखी एक 'डब्ल्यू' 2024 च्या फॉल सत्रात आहे आणि त्यामागे आजारपण वगैरे काही नाही. एका प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत काम मिळाले, त्याचा बोजा वाढला, म्हणून तिने बायोसायकॉलॉजी सोडले. परदेशी विद्यार्थ्याला लागणारी किमान 12 क्रेडिट तरीही शिल्लक होती, त्यामुळे व्हिसाचा प्रश्न आला नाही. पदवीला तो विषय सक्तीचा नसल्याने तिने तो पुन्हा घेतला नाही. एकूण जीपीए 3.6 आहे.

ठाणे स्टेशनजवळच्या एका सल्लागार संस्थेत आम्ही विचारणा केली. तेथील गृहस्थांनी आधी 'अर्जात ते विषय भरूच नका' असे सांगितले, आणि नंतर, त्या काळात मुलगी नैराश्यात होती असे एसओपीमध्ये (अर्जासोबतच्या उद्देशपत्रात) सविस्तर लिहावे, मानसशास्त्रवाल्यांना ते भावते, असे सुचवले. मुलीला दोन्ही गोष्टी पटल्या नाहीत आणि मलाही नाहीत. मुळात ती नैराश्यात नव्हतीच.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे : हे 'डब्ल्यू' आपल्याकडच्या केटीसारखे धरले जातात का? त्यांचे स्पष्टीकरण द्यावे का, आणि द्यायचे तर कोठे? बायोसायकॉलॉजी आता पुन्हा करून घेणे आवश्यक आहे का?

नेरुळवासी :
काका, नमस्कार. मी अमेरिकेतच मानसशास्त्रात पीएच.डी. केली, आता नेरुळला असते.

आधी त्या शून्याबद्दल. 'डब्ल्यू'ला ग्रेड पॉइंट नसतात, त्यामुळे तो जीपीएच्या हिशेबात धरलाच जात नाही. त्या सत्रात भागायला काही उरले नाही म्हणून संगणकाने 0.00 छापले, प्रवेश समितीतील माणसे असे कागद रोज पाहतात, त्यांना ते कळते. केटी म्हणजे नापास झाल्याची नोंद आणि तिची तिकडची जोडी 'एफ'शी लागते. 'डब्ल्यू' तसा नाही. शिवाय एकाच सत्रातले पाच 'डब्ल्यू' ही वाचणाऱ्याच्या लेखी एकच घटना असते. शंका येते ती दर सत्रात एखादा विषय गळत गेला, आणि त्यातही संख्याशास्त्र किंवा संशोधनपद्धती पुन्हा घेतलीच नाही, तर, कारण पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी याच दोन विषयांचा कस लागतो. आपल्या मुलीने संख्याशास्त्राचे उत्तर ट्रान्सक्रिप्टवरच देऊन ठेवले आहे.

क्लिनिकल पीएच.डी.ला एकेक प्राध्यापक वर्षाला बहुधा एखादाच विद्यार्थी घेतो, कधी तोही नाही. बहुतेक ठिकाणी फी माफ होऊन वर विद्यावेतनही मिळते, म्हणून निवड करताना हा विद्यार्थी संशोधन करील का आणि त्याचा विषय आपल्या विषयाशी जुळतो का, हे फार बारकाईने पाहिले जाते. त्या दृष्टीने प्रयोगशाळेसाठी एक ऐच्छिक विषय सोडणे हा तोट्याचा व्यवहार मुळीच नाही, मात्र त्या प्राध्यापकांचे शिफारसपत्र हवेच. बायोसायकॉलॉजी सरसकट करून ठेवण्याची गरज नाही. प्रत्येक विभागाच्या पानावर पूर्वअटी दिलेल्या असतात. जेथे हा विषय मागितला असेल तेथे विभागाच्या समन्वयकांना ईमेल करून, प्रवेशापूर्वी पूर्ण केला तर चालेल का, असे विचारावे.

विषय लपवण्याचा विचारही करू नका. ट्रान्सक्रिप्टवर आहे ते अर्जात मागितल्याप्रमाणे सगळे भरायचे. तफावत आढळली तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

राहिले नैराश्याचे. जे घडलेच नाही ते लिहिणे गैर आहेच, पण घडले असते तरी मी ते एसओपीमध्ये लिहू दिले नसते. ड्र्यू ॲपलबी आणि कॅरेन ॲपलबी यांनी मानसशास्त्राच्या प्रवेश समित्यांच्या प्रमुखांना, चांगला अर्ज कशाने बुडतो, असे विचारून 2006 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. स्वतःच्या मानसिक आरोग्याबद्दल नको इतके सांगणे हे त्यात ठळकपणे आलेले कारण आहे. सल्लागार गृहस्थांना नेमके उलटे कोणी सांगितले, देव जाणे.

स्पष्टीकरण 'अतिरिक्त माहिती'च्या रकान्यात, तीन-चार वाक्यांत द्यावे. एसओपी संशोधनासाठी राखून ठेवावा.

ऐरोलीकर :
माझ्या मुलाने मास्टर्ससाठी दोन 'डब्ल्यू' असताना एक अक्षरही लिहिले नव्हते आणि त्याला कोणी विचारलेही नाही. उगाच बोट दाखवून लक्ष का वेधावे?

नेरुळवासी :
दोन असते तर मीही लिहू नका म्हटले असते. सबंध सत्र रिकामे दिसले की प्रश्न पडतोच, आणि उत्तर नसेल तर वाचणारा स्वतःच्या मनाने उत्तर काढतो. 2024 च्या एका 'डब्ल्यू'बद्दल मात्र अवाक्षर नको.

धागाकर्ता :
ताई, मनापासून आभार. मुलीने केलेल्या मसुद्याचे मराठी रूप असे : "2023 च्या स्प्रिंग सत्रात माझ्या वडिलांवर तातडीने हृदयाची बायपास शस्त्रक्रिया करावी लागली. मी एकुलती एक असल्याने आणि आई एकटी पडल्याने मला अत्यंत जड अंतःकरणाने भारतात परतावे लागले. याबद्दल मी दिलगीर आहे. पुढील सत्रात मी पुन्हा रुजू झाले." हे ठीक आहे का?

नेरुळवासी :
'जड अंतःकरणाने' आणि 'दिलगीर' काढा, दिलगिरी कशाबद्दल? शस्त्रक्रियेचा तपशीलही नको, 'कुटुंबातील गंभीर आजारपण' एवढे पुरे. परवानगी घेऊन सत्र सोडले, हे वाक्य हवे. मसुद्यात संख्याशास्त्राचा उल्लेखच राहून गेला आहे. शेवटचे वाक्य असे करा : "पुढील सत्रात मी पूर्ण अभ्यासक्रमासह रुजू झाले आणि संख्याशास्त्र पुन्हा घेऊन त्यात 'ए मायनस' मिळवला." याच्यापुढे काही लिहू नका.