पंधरावीपर्यंत इंग्रजी शिकून मुलं बोलताना गप्प का?

खाडीकाठ: रत्नागिरीजवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवतो. परवा पंधरावीच्या एका मुलीला प्रोजेक्टच्या तोंडीला विचारलं, हाच विषय का घेतलास? विषय आंबापोळीचा धंदा, आई घरी तोच करते. रिपोर्ट तिनेच लिहिलेला आणि बरा लिहिलेला. "सर, अ‍ॅक्च्युअली..." म्हणाली नि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. म्हटलं, मराठीत सांग. मग दहा मिनिटं थांबेना! राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. माझं म्हणणं, आपण मुलांवर बोलायची वेळच आणत नाही. बारावीला ८० मार्कांचा लेखी पेपर, २० तोंडीचे. ते २० कसे पडतात हे इथे कुणाला सांगायला नको.

बांगडा_फ्राय: वेळ कुणी आणायची, सर? आमच्याकडे धडा इंग्रजीत वाचायचे, अर्थ मराठीत सांगायचे, उत्तरं फळ्यावर. पण खरं दुखणं लाज. माझा मामेभाऊ दहावी नापास, तारकर्लीला पर्यटकांना स्कुबाला नेतो. "नो पॅनिक, ब्रीद फ्रॉम माउथ, इयर पेन देन टेल मी." व्याकरणाचा पार भुगा, पण कोण हसतोय? पाण्याखाली जीव त्याच्या हातात असतो. वर्गात "ही गो" म्हणा, मागचा बाक आठवडाभर तेच नाव ठेवतो.

बोटीवरचा: साफ चूक. मामेभावाकडे पन्नास वाक्यं आहेत, एक्कावन्नावं विचारा. मी मर्चंट नेव्हीत होतो. जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये ठरावीक इंग्रजी वाक्यं मंजूर केली, ती मला झोपेतही यायची. आणि मेसमध्ये फिलिपिनो कुकने घरची चौकशी केली की तोंडाला कुलूप. शब्दच नव्हते हो! लाज नंतर आली. मुलं गाईडपलीकडे एक पान इंग्रजी वाचत नाहीत, बोलणार कुठून?

झावळी: मला सगळे शब्द येत होते, तरी गप्प बसायचे. आमच्या घरात मालवणी. पहिलीत "माका नको" म्हटलं तर बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, शुद्ध बोल. तोंड उघडण्याआधी वाक्य तपासायची खोड तिथली. इंग्रजी बिचारी नंतर आली.

बोटीवरचा: बाईंनी सगळ्यांनाच टोकलं. काही जण बोलतातच ना?

झावळी: ज्यांच्या घरात "मला नको" म्हणतात ते.

खाडीकाठ: झावळीताई, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. काल त्याच मुलीला म्हटलं, मी गणपतीपुळ्याला आलेला पर्यटक, मला आंबापोळी वीक. "सर, सन ड्राय, नो कलर, माय मदर मेक." भावही सोडेना, पाव किलो गळ्यात मारली असती.

बोटीवरचा: आणि मग 'का' विचारलंत?

खाडीकाठ: विचारलं. परत ओढणी.