जोडीदार गेल्यावर, विश्वास उरला नसताना प्रार्थना चालू ठेवावी का?

धागाकर्ती
माझे पती जाऊन चौदा महिने झाले. तीस वर्षे आम्ही रोज संध्याकाळी एकत्र प्रार्थना म्हणत आलो. एक ओळ त्यांची, पुढची माझी. आता मी माझी ओळ म्हणते, त्यांच्या ओळीपाशी थांबते आणि तेवढा वेळ गेला की पुढची ओळ घेते. त्यांचा चष्मा अजून त्या पुस्तकावरच असतो. प्रार्थनेच्या वेळी तो उचलून बाजूला ठेवते आणि झाल्यावर पुन्हा जागेवर ठेवते. मात्र हे सारे ऐकणारा कोणी आहे, असे आता मला वाटत नाही. अतिदक्षता विभागाबाहेर सतरा रात्री बसून जे मागितले ते मिळाले नाही, आणि भेटायला येणारे ‘देवाची इच्छा’ म्हणून निघून जातात तेव्हा त्या देवाचा मला भयंकर संताप येतो. तरीही प्रार्थना सोडू नये, असे माझे मत आहे. आपली मते वाचायला आवडतील.

प्रतिसाद १ : असहमत
माझी पत्नी सहा वर्षांपूर्वी गेली. वर्षभर मीही आपल्यासारखेच करत राहिलो, कारण सोडणे म्हणजे तिच्याशी प्रतारणा, असे मनाने घेतले होते. ज्या दिवशी थांबलो त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणाने रडलो. तोवर रडतानाही कोणीतरी वरून पाहत आहे आणि माझ्या धीराची परीक्षा घेत आहे, असे वाटत असे. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्यापुढे रोज हात जोडण्याने दुःख हलके होत नाही, त्यात अपराधीपणाची भर मात्र पडते. आपण थांबावे, असे मी कळकळीने सांगेन.

प्रतिसाद २ : धागाकर्तीशी सहमत
जो नाहीच त्याचा संताप कसा येईल? संताप येतो याचा अर्थ बोलणे अजून तुटलेले नाही. तुकोबांची पहिली पत्नी दुष्काळात गेली. त्यांच्या अभंगांत देवाशी किती कडाक्याचे भांडण आहे हे आपण सारे जाणतो. सी. एस. लुईस हे ख्रिस्ती श्रद्धेची बाजू मांडणारे नामवंत लेखक. 1960 साली त्यांची पत्नी कर्करोगाने गेली आणि त्यानंतरची टिपणे त्यांनी 1961 मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध केली. सर्वांत गरज असताना देवाकडे जावे तर तोंडावर दार आपटून आतून कड्या लागतात, असे या माणसाने त्यांत लिहिले आहे, आणि तरीही त्यांनी श्रद्धा सोडली नाही.

प्रतिसाद ३ : दोघांशीही असहमत
थोरांच्या या उदाहरणांचा एक त्रास होतो, तो म्हणजे तेही परतले तेव्हा तुम्हीही परतलेच पाहिजे, असे ओझे शोकात बुडालेल्या माणसावर येते. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडलेल्या नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार या पाच अवस्थांचेही असेच झाले. त्या मुळात मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संवादांतून आल्या, पण नंतर मागे राहिलेल्यांच्या दुःखालाही सरसकट लावल्या गेल्या, आणि ‘तुमचा अजून रागच चालू आहे का?’ असे लोक विचारू लागले. प्रतिसाद २ मध्ये संतापालाही श्रद्धेकडे परत नेणारी पायरीच ठरवले आहे. तो नुसता संताप का असू नये? प्रतिसाद १ च्या लेखकांनाही सांगावेसे वाटते की थांबल्याने आपल्याला मोकळे वाटले, म्हणून धागाकर्तींनाही तसेच वाटेल असे नाही. धागाकर्तींना माझा एकच प्रश्न आहे, उत्तर देण्याची सक्ती नाही. त्या एका ओळीपुरते आपण थांबता, तेव्हा कोणाची वाट पाहता?

धागाकर्ती
त्यांची. हे लिहिण्यापूर्वी दोन दिवस मी विचार करत होते. देवाची वाट पाहणे कधी थांबले, ते मला सांगता येणार नाही. त्यांची वाट पाहणे मात्र अजून थांबलेले नाही. प्रतिसाद १ मधली अपराधीपणाची गोष्ट खरी आहे आणि ती वाचून मी बराच वेळ गप्प बसून होते, पण मला तो देवापुढे वाटत नाही. एखाद्या दिवशी घाईत त्यांच्या ओळीसाठी पुरेसा वेळ सोडला नाही, तर रात्री ती चुटपुट लागून राहते. याला प्रार्थना म्हणावे की नाही ते ठाऊक नाही, पण आज संध्याकाळीही मी ती म्हणणार आहे.