भरपूर पाणी पिऊनही उन्हातल्या चढाईत त्रास का झाला?

प्रश्न

गेल्या महिन्यात आम्ही सहा जण डोंगर चढायला गेलो होतो. सकाळी नऊला चढाईस सुरुवात केली. प्रत्येकाजवळ तीन लिटर पाणी होते आणि मी तर तहान नसतानाही ठरवून घोट घेत ते सगळे संपवले. तरीही साडेबाराच्या सुमारास उघड्या कातळावर डोके ठणकू लागले, मळमळले आणि पोटऱ्यांत गोळे आले. माझ्याहून कमी पाणी प्यायलेली मैत्रीण मात्र व्यवस्थित होती. माझे नेमके काय चुकले, आणि परत फिरण्याची वेळ आली हे कसे ओळखावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

माझ्या मते मुख्य चूक नऊ वाजता निघण्याची आहे. चढताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम पाव हिस्सा कामी येतो आणि बाकीची उष्णता होऊन शरीरातच साठू लागते. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम, आणि घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. हवा दमट असेल तर तो निथळून जातो आणि अंग थंड होतच नाही. त्यात दुपारचा कातळ खालूनही भाजतो. उजाडण्यापूर्वी निघून ऊन चढण्याच्या आत अवघड टप्पा संपवा, आणि चालताना सलग बोलता येणार नाही इतका दम लागला तर वेग कमी करा.

मैत्रिणीला त्रास झाला नाही, याचे कारण कदाचित सवयीत असेल. रोज थोडा वेळ उन्हात श्रम केल्यास साधारण एक ते दोन आठवड्यांत शरीर उष्णतेला सरावते, म्हणजे घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठही कमी जाते.

प्रतिसाद २

वरील मुद्दे योग्यच आहेत, पण पाण्याविषयी एक गोष्ट राहून गेली. घामातून मीठही जाते, आणि आपण तासन्‌तास फक्त साधे पाणी पीत राहिलो तर रक्तातील सोडियम पातळ होते. त्याचीही लक्षणे डोकेदुखी आणि मळमळ हीच असल्याने माणूस आणखी पाणी पितो आणि प्रकृती अधिक बिघडते. बोटे सुजून अंगठी रुतू लागली आणि लघवी पाण्यासारखी स्वच्छ व वारंवार होत असेल, तर पाणी कमी पडले असण्याची शक्यता फार थोडी. लघवी गडद पिवळी आणि अगदी कमी होत असेल तर मात्र पाणी वाढवावे. आपल्याला नेमके काय झाले होते हे येथून ठरवता येणार नाही, परंतु तहान नसताना पिण्याचा हट्ट सोडावा, खारट खाणे जवळ ठेवावे आणि ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापानेच पाण्यात मिसळावी.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. त्या दिवशी माझी अंगठी खरोखर निघत नव्हती. मी ते उन्हाचे समजले. परत फिरण्याविषयीही कोणी सांगावे.

प्रतिसाद ३

डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, यांपैकी काहीही सुरू झाले की चढाई तिथेच थांबवा. सावलीत आडवे व्हा, पाय थोडे उंच ठेवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला. अर्ध्या तासात आराम पडला नाही तर मदत मागवा, आणि पडला तरी त्या दिवशी शिखर नाही, खालीच उतरायचे.

मला खरी भीती वाटते ती निराळ्या खुणेची. सोबती असंबद्ध बोलू लागला, विनाकारण चिडला, साधे नाव-गाव विचारल्यावर अडखळला किंवा सरळ चालेनासा झाला, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी शरीराचे तापमान बहुधा ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असते. घाम येत आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण श्रमाने होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलेही असते. मदत बोलावतानाच त्याला थंड करायला लागा: पिशव्यांतले सगळे पाणी अंगावर ओता, टोपी, पुठ्ठा, मिळेल त्याने सतत वारा घाला; वाहते पाणी जवळ असेल तर ओले कपडे मानेवर, काखेत, जांघेत ठेवून पुनःपुन्हा बदला. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तापाच्या गोळीचाही येथे उपयोग नाही. थोड्या वेळाने तो उठून बसला आणि बरे वाटते म्हणाला, तरी त्याला रुग्णालयात न्यावेच, कारण मूत्रपिंड व यकृताला झालेली इजा पुढच्या एक-दोन दिवसांत उघड होऊ शकते.