बर्फशिल्प महोत्सवासाठी हार्बिन की सापोरो? सल्ला हवा आहे

प्रश्न (रावपुरा, बडोदे):
माझी मुलगी येथील सयाजीराव विद्यापीठात शिल्पकला शिकते. उत्तरायण आटोपल्यावर तिला बर्फशिल्पे दाखवायला न्यावे, असे मनात आहे. सोबत ६८ वर्षांच्या सासूबाई येतील. त्यांचे गुडघे दुखतात आणि बडोद्याच्या थंडीतही त्या शालीशिवाय अंगणात येत नाहीत. चीनमधील हार्बिन बरे की जपानमधील सापोरो? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर (मांडवी, बडोदे):
मुलगी शिल्पकला शिकते आहे, म्हणून मी निःशंकपणे हार्बिन सुचवेन. आपण बोलताना हिमालाही बर्फच म्हणतो, पण शिल्पकाराच्या हाताला ती दोन वेगळी माध्यमे आहेत. सापोरोच्या ओदोरी उद्यानातील प्रचंड शिल्पे दाबून घट्ट केलेल्या हिमाची असतात. हार्बिनला मात्र गोठलेल्या सोंगहुआ नदीतून कापून काढलेल्या लाद्या एकावर एक रचतात आणि सांध्यांत ओतलेले पाणी गोठले की तेच चुन्यासारखे काम करते. मोठ्या उद्यानात दुपारी अडीचच्या सुमारास शिरावे, कारण जानेवारीत तेथे चारच्या आसपास सूर्य मावळतो. उजेडात लादीच्या पोटात अडकलेले बुडबुडे आणि करवतीचे ओरखडे स्पष्ट दिसतात. आतले रंगीत दिवे लागले की नजर रंगांवरच खिळते आणि हातकाम मागे पडते. आम्ही पहिल्या दिवशी अंधार पडल्यावर गेलो आणि नेमके हेच हुकले, याची मला आजही चुटपुट आहे.

जानेवारीचा तिसरा आठवडा उत्तम, कारण चिनी नववर्षाची गर्दी बहुधा त्यानंतर उसळते. रात्री पारा उणे २५ अंशांपर्यंत सहज उतरतो. अंगालगत सुती कपडा नको, कारण घाम त्यातच मुरतो आणि थंडी वाजते. लोकरीचे आतले कपडे घ्यावेत. बूट एक माप मोठे असावेत. मोबाईल आतल्या खिशात ठेवावा, नाहीतर बॅटरी पाहता पाहता उतरते. कॅमेरा उबदार खोलीत नेण्यापूर्वी बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावा, म्हणजे भिंगावर दव धरत नाही. शाकाहारी असाल, तर थेपले अवश्य न्या, पण तेही आतल्या खिशातच. आमचे पाठीवरच्या पिशवीत पापडासारखे कडक झाले होते.

उत्तर (अलकापुरी, बडोदे):
वरील सल्ला मुलीसाठी अगदी योग्य आहे, पण सासूबाईंचा विचार करता मी सापोरोच सांगेन. तेथे फेब्रुवारीत रात्रीचा पारा साधारण उणे सहा-सात अंशांवर असतो, आणि रेल्वे स्थानकापासून ओदोरीपर्यंत जमिनीखालून उबदार पादचारी मार्ग आहे. थंडी सोसेनाशी झाली की त्या खाली जाऊन बसू शकतील. १९५० साली शाळकरी मुलांनी ओदोरीत सहा हिमशिल्पे उभारली, तेथून हा महोत्सव सुरू झाला. मुलीला पारदर्शक बर्फावरचे कामही पाहता येईल, कारण जवळच्या सुसुकिनो भागात लाद्यांची शिल्पे मांडतात. मात्र हा महोत्सव फेब्रुवारीच्या सुरुवातीला जेमतेम आठवडाभरच असतो, तेव्हा मुलीच्या परीक्षांच्या तारखा आधी पाहा आणि खोल्या लवकर राखून ठेवा.